कोच कसा हवा

स्पर्धा तोंडावर आलीय, कॉलेजच्या फुटबॉल टीमला कोच नाही, आणि मैदानाकडेच्या चहाच्या टपरीवर आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना आठवडाभर दुसरा विषय नाही.

"बाहेरचा आणला तर कोल्हापुरात टिकायचा नाही, भावा!"

"गावातला आणला तर पोरं ऐकायची नाहीत!"

काल पोरांच्या सरावातला बॉल घरंगळत थेट आमच्या बाकाखाली आला. चहा सांडू नये म्हणून सगळ्यांनी पाय वर घेतले; वाद चालूच. शेवटी गोलकीपर धापा टाकत आला आणि वाकून बॉल घेऊन गेला.

"बघितलंस? पळायला नको या पोरांना. कडक माणूसच पाहिजे," शेजारी बसलेले, आमच्यातले सगळ्यांत जुने मामा म्हणाले.

असा संताप आला! खेळावरचं आपलं प्रेम म्हणजे दुसऱ्याला पळवणारा माणूस शोधणं? मामांना सुनावायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं, माझे पाय अजून वरच होते.