सुटा स्पीकर आणि गडबचा गणपती

इथले अनुभव मी आवडीनं वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा मनात म्हणतो, मांजर असेल. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. माझा धंदाच तसा... कॉम्प्युटरचा. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, कारण सापडलं की स्क्रू आवळायचा आणि चहा प्यायचा. तरी एक दुपार अशी आहे की तिचं कारण मला अजून सापडलेलं नाही. ती इथं लिहून टाकतो. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, मीही तुमच्यावर हसलोच आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रोह्याला राहायचो आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर बघायचो. ‘बघायचो’ म्हणजे प्रिंटरमधला अडकलेला कागद काढण्यापासून सगळं. सुट्टी मिळाली की एसटीनं पेणला, घरी. घरी आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हटलं की बाहेरच्या लोकांना धुराडं आठवतं. आमचा कारखाना म्हणजे घराची पुढची पडवी, तिला जोडलेली पत्र्याची शेड, ओल्या शाडूचा वास आणि मधोमध मांडी घालून बसलेले नाना, म्हणजे माझे वडील.

बाकीची कामं कुणीही करायचं. घासणं, अस्तर मारणं, अंगाचा रंग... आई करायची, ताई करायची, मीही करायचो. डोळे मात्र फक्त नानांचे. आखणी सुरू झाली की रेडिओ बंद, बोलणं बंद, आईची भांडीसुद्धा बंद. नाना श्वास रोखून पापणीची रेघ ओढायचे आणि जिथं थांबायचं तिथं घशातून बारीकसं ‘हं’ करून ब्रश उचलायचे. ते ऐकू आलं की आम्हीही श्वास सोडायचो. किती छान शांतता असायची ती! तशी मला पुन्हा कुठंच मिळाली नाही.

मलाही त्यांनी शिकवून पाहिलं. माझी रेघ कोपऱ्याशी कायम पुढं जायची आणि देव रागावल्यासारखा दिसायचा. नाना म्हणायचे, "हात चांगला हाय तुझा, पन थांबायचं कळत नाय." शेवटी मी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला गेलो. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला आता माझी मुलगी वेगळ्या वाटेनं गेल्यावर कळतं.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर नानांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. त्यांना अलिबागला दवाखान्यात ठेवलं, ताई त्यांच्याजवळ राहिली. डोळे राहिलेल्या मूर्ती शेजारच्या कारखान्यातल्या कलाकारानं आखून दिल्या आणि गिऱ्हाइकं आपापले गणपती घेऊन गेली. एकच मूर्ती राहिली, जवळच्या गडब गावच्या हिराजीभाऊंची. त्यांच्या वडलांच्या वेळेपासून त्यांच्या घरचा गणपती आमच्याकडचा. मूर्ती न्यायचा पाट ते आधीच आणून ठेवून गेले होते. आईला त्यांचा निरोप आला, "वयनी, राग नको मानू. पन नानांच्या हातचं डोलं नसतील तं आमी पाट परत नेतू."

आईला ते फार लागलं. "रिकामा पाट गेला ना, तर कारखाना बंद झाला असं समज," ती मला म्हणाली. "तू आख."

"आई, मला ब्रश धरून किती वर्षं झाली. वाकडं झालं तर?"

"झालं तर झालं. पन नानांच्या घरातला मानूस नाय म्हनाला, असं नको व्हायला."

आणि माझ्या डोक्यावर वेगळीच साडेसाती. आमच्या साहेबांचा लॅपटॉप. तेव्हा लॅपटॉप म्हणजे अख्ख्या कंपनीत एक, वजनाला पाट्यासारखा आणि मान जावयाचा. साहेबांना कामगारांना सेफ्टीची फिल्म दाखवायची होती आणि आवाजच येत नव्हता. "सुट्टीत बघून ठेवा," म्हणाले. सुट्टी माझी, लॅपटॉप त्यांचा. तो टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून मी रोह्याहून पेणला आणला होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि मी पडवीत टेबलाशी बसलो. खरं म्हणजे मूर्ती टाळायला बसलो. बाजूची आवाजाची चकती फिरवून पाहिली. स्क्रीनवरच्या स्पीकरच्या चित्रावर फुली नव्हती. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. ढिम्म. मग इयरफोन लावला, तर आवाज स्वच्छ! म्हणजे सॉफ्टवेअर ठीक, साउंड कार्ड ठीक, दुखणं स्पीकरचं. मशीन बंद केलं, बॅटरी काढली, खालचं झाकण उघडलं. स्पीकरच्या दोन्ही वायरी सोल्डरच्या टाक्यातून सुटलेल्या. स्पीकर बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवला... रुपयाएवढा, दोन वायरी वर करून पडलेला. टाके मारायचं बारीक सोल्डरिंग आयर्न रोह्याला खोलीवर राहिलं होतं, त्यामुळं पुढचं काम तिकडंच होणार होतं.

आता टाळायला काहीच उरलं नाही. नानांच्या डब्यातला सगळ्यांत बारीक ब्रश घेतला आणि मूर्तीसमोर मांडी घातली. आईनं न सांगता भांडी थांबवली. पांढरा भरून झाला होता, बुबुळं मी कशीबशी बसवली. राहिली पापणीची रेघ, माझी जुनी वैरीण. श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. रेघ कोपऱ्याकडं निघाली आणि नेहमीसारखी पुढं जाणार, इतक्यात मागून आलं...

"हं."

हात आपोआप उचलला गेला. खरं सांगतो, त्या क्षणी मला काहीच विचित्र वाटलं नाही. नाना मागं बसलेत, एवढंच वाटलं, लहानपणी वाटायचं तसं. दुसरा डोळा घेतला. पुन्हा कोपऱ्याशी "हं", पुन्हा हात वर.

मग भान आलं. वळून पाहिलं, तर टेबलावर उघडा लॅपटॉप, बाजूला बॅटरी आणि वर्तमानपत्रावर तो सुटा स्पीकर. आवाज त्याच बाजूनं आला होता आणि स्पीकरमधून येतो तसाच आला होता... किंचित पातळ, पत्र्याचा. दारात आई उभी होती. आखणी चालू असताना बोलायचं नाही म्हणून गप्प उभी होती. मी ब्रश खाली ठेवल्यावर तिनं विचारलं, "मगाशी कोन होतं रे? नाना?"

भीती वाटली, पण त्याहून जास्त मला रडू आलं, हे कबूल करतो.

मित्र म्हणतात, तो तुझ्याच घशातला आवाज. असेल. मग आईला नानांचा कसा वाटला? ते म्हणतात, तिलाही तेच ऐकायचं होतं. असेल बुवा. पण मी त्या पडवीत होतो, ते नव्हते. सुट्टीनंतर रोह्याला दोन टाके मारले आणि साहेबांची फिल्म खणखणीत वाजली. त्या मशीननं पुढं कधी काही चमत्कार केला नाही.

नाना महिन्याभरानं घरी आले, बोलणंही हळूहळू थोडं परत आलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अडखळत एवढंच विचारलं, "ब्रश धुतलास ना?"

गडबचं मात्र सांगायला हवं. चतुर्थीच्या सकाळी हिराजीभाऊ आले ते पाट परत न्यायच्या तयारीनंच. मूर्तीवरचा कागद बाजूला केला आणि बघतच राहिले.

"नाना घरी आलं?"

"नाय, दवाखान्यातच हायत," आई म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही. "ह्यानं आखलं."

हिराजीभाऊंनी माझ्याकडं पाहिलं, परत मूर्तीकडं पाहिलं. "डोलं तं नानांचंच हायत," म्हणाले आणि पाटावर मूर्ती घेऊन गेले.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कारखाना आम्ही दुसऱ्याला चालवायला दिला. पण गडबची ती एक मूर्ती मी दरवर्षी सुट्टी काढून स्वतः आखतो. पडवीत सगळं बंद करतो, श्वास रोखतो, आणि कोपऱ्याशी येऊन जरा वाट बघतो. आवाज काही येत नाही. माझा मीच थांबतो. डोळे चांगले येतात, लोक नावाजतात.

पण ते माझे असतात.