चुन्याची खूण

चुन्याचा वास आला की कच्छचं रण आठवतं. पंचावन्न-छप्पन साली घाटकोपरच्या शाळेतली आम्ही दहा मुलं सरांबरोबर तिथे सांडे, म्हणजे काटेरी शेपटीचे सरडे, मोजायला गेलो होतो. एकच बीळ दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून सर प्रत्येक बिळापाशी चिमूटभर चुना टाकायला लावत. "वाळवंटाला चुना लावतोय रे आपण," एक मित्र म्हणाला आणि आम्ही खिदळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चुन्याजवळचं एकूण एक बीळ खणलेलं. सांड्याचं तेल विकणारा एक माणूस वळवळणाऱ्या गोणीचं तोंड बांधत होता. सरांना पाहून त्यानं हात जोडले आणि गुजरातीत म्हणाला, "बरं झालं, खुणा केल्यात." सर खालीच बसले. गोणीत किती सांडे आहेत, ते त्याला अजून मोजायचं होतं. आम्हाला ते पाठ होतं. अजूनही आहे. एकेचाळीस.