अक्काची गाडी लाल नव्हती

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी जळगावला ऑफिसला निघायच्या घाईत होतो. अक्काच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारी मुलगी बोलत होती. "दादा, अक्का गेल्या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. अक्का माझी मोठी बहीण. आठवड्यापूर्वीच मी तिला दवाखान्यात भेटून आलो होतो. उशाखालून तिने गाडीची चावी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मुंबईच्या लिलावात आहे तश्शी पाठव तिला. नानाच्या हाती देऊ नको. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो तसा रंगवून टाकेल." मी हसलो, तीही हसली... नाना म्हणजे आमचे थोरले भाऊ, एरंडोलजवळ शेती करतात. आज दीड महिना होत आला. एव्हाना दुःख निवळून दोन चांगले शब्द लिहिता यायला हवे होते, पण मला अजून रागच येतो आहे. नानांचा येतो, सांत्वनाला येऊन गाडीभोवती फेऱ्या मारणाऱ्यांचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

ती गाडी अक्काने लिलावातच घेतली होती. धरणगावची एक जिनिंग फॅक्टरी बंद पडली आणि तिथलं सामान विकायला निघालं, ऐंशीनंतरची गोष्ट. अक्का टाइपरायटर मिळतील म्हणून गेली होती, मी सोबत होतो. टाइपरायटर कुचकामी निघाले. पण रुईच्या गोदामात मालकाची जुनी विलायती गाडी उभी होती. दोनच माणसं बसतील अशी, बिनटपाची, जमिनीलगतची, फिक्या हिरव्या रंगाची. भंगारवाले तिचं वजन किती भरेल याचा अंदाज बांधत होते. अक्काने बोली लावली तेव्हा सगळे वळून पाहायला लागले. लग्न न केलेली, चष्मा लावणारी टायपिंगची बाई गाडीवर बोली लावते हे कुणी पाहिलेलं नव्हतं. एक म्हातारा भंगारवाला म्हणाला, "अक्का, या डबडाले ली काय करशी?" अक्का म्हणाली, "तिन्हामां बठसू." लोक हसले. मीही खाली मान घालून हसलो, हे मला विसरता येत नाही.

आणि ती खरंच बसली. इंजिन दुरुस्त करून घेतलं, ब्रेक नीट केले, टायर बदलले आणि गाडी चालवायला शिकली. रविवारी सकाळी पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून आग्रा रोडने निघायची. पोरं ओरडायची, "टायपिंगवालीचं विमान चाललं." ती हॉर्न वाजवून पुढे जायची. बाहेरून मात्र तिने गाडीला हात लावू दिला नाही. रंग उडाला होता, सीटच्या कातड्याला भेगा होत्या, दारावर गोदामात पोती घासून पडलेले ओरखडे होते. लोखंड उघडं पडलं तिथे ती तेलाचं फडकं फिरवायची, बस. मी विचारलं की म्हणायची, "माझ्याकडची पोरं चूक झाली की रबराने कागद खरवडतात. अक्षर जातं, पण कागदही जातो. मी सांगते, फुली मारा आणि पुढे चला. काय झालं होतं ते तरी दिसतं." मला तेव्हा हे पटलं नव्हतं. कमाई बरी असून बाई गाडीला रंग देत नाही म्हणजे चिकटपणा आहे, असं गल्लीत बोलायचे. मी ते ऐकून घ्यायचो.

तिला बरोबर समजून घेतलं ते एकाच माणसाने. आजारपण कळल्यावर तिने मुंबईला जुन्या गाड्यांचा लिलाव करणाऱ्यांशी बोलणं केलं, आणि तिथले एक गृहस्थ गाडी पाहायला धुळ्याला आले. मी हजर होतो. त्या माणसाने आधी गाडीला हातच लावला नाही, नुसता फिरत राहिला. मग बॉनेट उघडलं. आत एका कोपऱ्यात, ग्रीसमध्ये चिकटून, धरणगावच्या गोदामातली रुई अजून तशीच होती. तो चक्क खाली बसला. म्हणाला, "बाई, चकचकीत केलेल्या गाड्या माझ्याकडे रांगेने येतात. त्या रंगाऱ्याच्या असतात. ही कारखान्यातून जशी निघाली तशी म्हातारी झाली आहे. हिच्यावर बोली लावायला लोक लांबून येतील, आणि जो घेईल तो हिला पुसायलासुद्धा घाबरेल." अक्काने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं लोकांनी वेडी ठरवलेल्या बाईचा तो चेहरा... तिला हवा होता तो गाडी अशीच सांभाळणारा माणूस. आमच्यात तो नाही हे तिला ठाऊक होतं.

तेरावं झालं आणि नाना म्हणाले, "चावी दे. गाडी मी वावरातल्या शेडमां लई जास. लिलावले चार लोक येतीन, धुईपुसी ठेवतस." मी चावी दिली. आमच्या घरात नानांनी मागितलं आणि कुणी नाही म्हटलं, असं कधी घडलेलं नाही. वडील लवकर गेले, नानांनी शिकवलं, लग्न लावून दिलं. त्यांच्यापुढे माझी जीभच वळत नाही. धुऊन-पुसूनच तर ठेवणार आहेत, असं मी मनाला सांगितलं, पण अक्काचं ते शिंगांचं बोलणं आठवत होतं. म्हणजे मला कळत होतं.

मुंबईचे ते गृहस्थ गाडी न्यायला आले त्या दिवशी मी त्यांना घेऊन शेतावर गेलो. शेडमध्ये एक लाल गाडी उभी होती. ट्रॅक्टरला देतात तो लाल. ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून, जुना रंग घासून, नानांनी तिला दोन हात मारून घेतले होते. मागे पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अक्काचा आशीर्वाद', आणि दोन्ही बाजूंना कमळं. इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं होतं. ग्रीस नाही, रुई नाही. गृहस्थांनी बॉनेट उघडलं, पाहिलं, आणि हळूच खाली केलं. "हा काढून खालचा रंग मिळेल का?" मी विचारलं. "खाली आता रंग नाहीच," ते म्हणाले. त्यांनी चहा घेतला, अक्काबद्दल फार चांगलं बोलले, आणि गाडी न घेता गेले.

नानांना काहीच कळेना. "शिंगं रंगाड्याबिगर बैल बाजारमां कोन लई जास रे?" ते मला विचारत होते. "मन्ही बहीन शे ती. तिनं नाव निंघाले पाहिजे ना?" नाना खोटं बोलत नव्हते. स्वतः उन्हात उभं राहून त्यांनी पेंटरकडून काम करून घेतलं होतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप येतो. जिवंत असताना आम्ही बाईचं ऐकलं नाही आणि मेल्यावर प्रेमाने तिचं तोंड बंद केलं. शोकसभेत एकजण बोलला, अक्कांची मोडकी गाडी भावांनी नवी करून त्यांची इच्छा पूर्ण केली. टाळ्या वाजल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठलो नाही.

मागच्या आठवड्यात मी गाडी जळगावला माझ्या अंगणात आणली. नानांना वेळ मिळाला नव्हता म्हणून सीट तेवढी राहिली आहे. ते भेगाळलेलं कातडं, चालवणाऱ्याच्या बाजूला खोलगट झालेलं. अक्का बुटकी होती, पुढे सरकून बसायची, त्यामुळे तो खळगा सीटच्या कडेला आहे. मी बसलो तर गुडघे स्टिअरिंगला अडकतात. तरी बसतो. परवा नाना छान मरून रंगाचं रेग्झिन घेऊन आले, सोबत कारागीर. मी फाटक उघडलं नाही. आतूनच म्हणालो, "नाना, तुम्ही चहाला या. हे रेग्झिन परत न्या." ते कारागिराला घेऊन निघून गेले. त्यानंतर त्यांचा फोन नाही.

रस्त्याने जाणारे थांबतात. काल शेजारचे आबा फाटकावर हात ठेवून म्हणाले, "काय झळकतेय हो गाडी. बहिणीचं सोनं केलंत."

मी त्या खळग्याच्या कडेवर बसलो होतो. म्हणालो, "नाही आबा. खराब केली आम्ही."