दहा श्वास

योहानाबाई इनक्युबेटरपाशी आल्या की आधी गुडघे वाकवायच्या. आपले डोळे बाळाच्या छातीच्या उंचीला आले की दहा श्वास मोजायच्या आणि मगच मॉनिटरकडे बघायच्या. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरायचे, तरी दर वेळी. "आधी बाळ, मग पडदा," एवढंच म्हणायच्या.

परदेशात, युट्रेख्ट शहरातल्या एका इस्पितळात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात त्या नर्स होत्या. व्हेंटिलेटरवरच्या बाळांच्या छातीची हालचाल मोजणारं यंत्र मी तिथे तयार करत होतो. पहिल्याच दिवशी मी "मॅडम" म्हणालो, तर म्हणाल्या, "मॅडम इथे कोणी नाही. योहाना म्हण." गेवराईच्या शाळेत शिकलेल्या माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. मनात मी त्यांना बाईच म्हणत राहिलो.

एका दुपारी साडेसातशे ग्रॅमच्या एका मुलीच्या छातीवर, दोन्ही बाजूंना, माझे सेन्सर चिकटवले होते. पडद्यावरची रेघ संथ वरखाली होत होती. ऑक्सिजनही ठीक होता. बाई वाकल्या, त्या उठल्याच नाहीत.

"इंजिनिअर, डावी बाजू उचलत नाहीये."

"रेघ तर बरोबर आहे," मी म्हणालो.

"रेघ राहू दे. इकडे ये, वाक."

मी वाकलो. उजवी बाजू फुलत होती. डावी, माझ्या दोन बोटांएवढी, तशीच पडून होती. बाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि डॉक्टरांना हाक मारली. लाळेनं चिकटपट्टी सुटून श्वासनळीतली ट्यूब आत, उजवीकडे सरकली होती. सगळी हवा उजव्या फुप्फुसात जात होती. आता ऑक्सिजनचा आकडाही घसरू लागला. डॉक्टरांनी ट्यूब जेमतेम अर्धा सेंटिमीटर मागे घेतली. एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला डावी बाजू हलली.

रेघ सुबक दिसावी म्हणून दोन्ही बाजूंची सरासरी काढून ती एकच रेघ मीच केली होती. घरातला पहिला पदवीधर मी. त्या रेघेचा मला फार अभिमान होता. बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कॉफी दिली, सोबत एकच बिस्किट. "मग दोन रेघा कर. सोमवारी माझी ड्यूटी आहे."

ती मुलगी पुढे घरी गेली. बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना एका नव्या बाळाच्या पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या. बराच वेळ बघून त्यांनी पडद्यावर तळहात ठेवून रेघा झाकल्या.

"छान. आता सांग, डावी बाजू कशी आहे?"

मी गुडघे वाकवले आणि मोजायला लागलो. दहा होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.