किकरचा डावा पाय

बॉल दोन खांबांच्या मधून वर जायला हवा होता. तो जमिनीलगत फरपटत गेला आणि किक मारणारा ब्रायन पाठीवर आडवा झाला.

त्याच्या टीमने सामना तरीही जिंकला. फायनल पुढच्या शनिवारी आमच्याच ग्राउंडवर होती. पण कोच डेव्हिडने त्याला माझ्यासमोरच सांगितलं, "फायनलला किक दुसरा कोणी मारेल. तुझी हिंमत गेलीय."

दुबईतल्या एका स्पोर्ट्स क्लबमध्ये मी टर्फ मॅनेजर आहे, म्हणजे ग्राउंडचं गवत सांभाळतो. जत तालुक्यातल्या शाळेतून शिकून बीएस्सी ॲग्री झालो. घरातला पहिला पदवीधर. आमच्या गावी गवत उपटायला मजुरी देतात. इथे ते वाढवायला पगार मिळतो, याचं मला अजून नवल वाटतं.

ब्रायन वसईचा. दुबई मरीनातल्या एका हॉटेलात काम करतो. शिफ्ट बदलून घेत दोन वर्षं त्याने अमेरिकन फुटबॉलची प्रॅक्टिस केली होती. मैदान रिकामं झाल्यावर तो माझ्याकडे आला.

"दादा, कोच बोलतो मी घाबरलो. मी घाबरलो नाय. मी घसरलो पण नाय."

"मग काय झालं?"

"जमीन सरकली."

आमच्या धंद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या गवतावरून बूट घसरला, तर गवतावर लांब ओरखडा उमटतो. खालची जमीन सुटली, तर खड्डा पडतो. मी त्याला म्हटलं, "चल, दाखव."

अमेरिकन फुटबॉलमधली ही किक आधी समजून घ्यावी लागते. एक खेळाडू गुडघ्यावर बसून बॉल जमिनीवर उभा धरतो. किकर पळत येतो, डावा पाय बॉलशेजारी रोवतो आणि उजव्या पायाने मारतो. त्या क्षणी धावत्या माणसाचं सगळं वजन एका तळव्यावर येतं आणि त्यावरच शरीर वळतं. खाली असतात फक्त गवताची मुळं आणि त्यांनी धरलेली वाळू. इतक्या बारीक मुळांनी एवढा मोठा माणूस तोलून धरावा, हे मी रोज बघतो आणि रोज थक्क होतो.

ब्रायनच्या पायाखाली खड्डाच होता. कडा ढासळलेल्या, आत भुसभुशीत वाळू. जवळच तसे आणखी काही भाग होते. वरून हिरवेगार, बोट खुपसलं की आत जाणारे. या खेळात मैदानाच्या मधल्या पट्ट्यातूनच किक मारतात. सगळ्यांचे पाय तिथेच पडतात, तिथलंच गवत उखडतं आणि तिथेच आम्ही वाळू भरून नवं बी टाकतो.

मी चिमूटभर वाळू घेतली, कानाशी नेली आणि बोटांत चोळली. माझे वडील गवंडी. वाळूची गाडी आली की ते आधी असंच करायचे. चांगली वाळू करकर वाजते. ही वाजलीच नाही, नुसती निसटली.

ब्रायनने विचारलं, "दादा, वाळू काय बोलते?"

"काहीच बोलत नाही. तेच वाईट आहे."

फोरमन रफीकभाई पेशावरचे, माझ्याआधीपासून इथे आहेत. त्यांना विचारलं.

"वॉश्ड सँड की गाडी लेट थी, साब. पार्किंग के पीछे से भर दी. यहाँ रेत की क्या कमी है?"

त्यांचं चुकलं असं तोंडावर म्हणवेना. वाळवंटात वाळू विकत आणावी लागते, हे मलाही इथे येईपर्यंत खरं वाटलं नसतं. वाऱ्याने वर्षानुवर्षं घोळवलेला वाळवंटातला कण गोल आणि गुळगुळीत होतो. एकमेकांवरून गडगडतो, अडकत नाही. ग्राउंडला कोनेदार कण लागतो. असे कण एकमेकांत रुततात, मग मुळं त्यांना बांधतात.

क्लब मॅनेजर हातिम साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हबीबी, प्लेअर पडला तर प्लेअरचा प्रॉब्लेम. ग्राउंड ग्रीन आहे ना?"

"ग्रीन आहे, सर. पण पाय धरत नाही."

ते म्हणाले, "ओके. शनिवारच्या आधी खलास कर."

मधल्या पट्ट्यातली खराब वाळू आम्ही उकरून काढली. नव्या बियाण्याला मुळं धरायला वेळ नव्हता. म्हणून मैदानाच्या मागच्या कोपऱ्यातलं जुनं गवत मातीसकट जाड कापलं आणि त्या जागी लाद्यांसारखं घट्ट बसवलं. जाड अशासाठी, की लादी स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. एक खराब जागा मात्र मी मुद्दाम तशीच ठेवली.

गुरुवारी प्रॅक्टिसला कोच आले. धिप्पाड, एकेकाळचे खेळाडू.

"कोच, इथे डावा पाय रोवून वळून दाखवाल?"

"कशाला?"

"प्लीज, सर."

ते वळले आणि त्यांची टाच खाली गेली. रफीकभाईंनी दंड धरला म्हणून सावरले. मग मी त्यांना नव्या लादीवर उभं केलं. ते वळले. पुन्हा वळले. टाच खचली नाही.

"ब्रायन!" त्यांनी हाक मारली. "शनिवारी तूच मारतोयस."

ती शेवटची जागाही आम्ही त्याच दिवशी बदलली.

शनिवारी अल नहदातल्या घरून मुलीला सोबत आणलं होतं. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट ग्रास. वाय सो टेन्स?" हिवाळ्यात इथे संध्याकाळी दव पडतं. हाफटाइमला मुलीने आणि मी दोन टोकांना दोर धरून मधल्या पट्ट्यावरून ओढला आणि दव झाडलं. एरवी सॉकरवाले बॉल वेगाने पळावा म्हणून मैदान भिजवून मागतात. त्या दिवशी मी सकाळपासून पाणीच दिलं नव्हतं.

शेवटची किक ब्रायनची. त्याची टीम दोन पॉइंटनी मागे होती, किकचे तीन मिळतात. तो पळत आला. सगळे बॉलकडे बघत होते. मी डाव्या पायाकडे बघत होतो. पाय पडला. वळला. हलला नाही. आरडाओरडा ऐकू आला, तेव्हा कळलं की बॉल आत गेला.

ब्रायन लोकांच्या खांद्यांवर होता. तिथून ओरडला, "दादा, जमीन जागेवर!"

मैदान रिकामं झाल्यावर मी ती जागा शोधली. गवतात बुटाच्या खिळ्यांची भोकं होती, कडा शाबूत. मुलीला दाखवली. या वेळी ती "जस्ट ग्रास" म्हणाली नाही. वाकून बोटाने दाबून बघितलं.

आता वाळूची गाडी आली की रफीकभाई आधी चिमूट कानाशी नेतात. लांबून हातिम साहेबांना वाटतं, ते फोनवर आहेत. मी इतकंच शिकलो: लोक मारणारा पाय बघतात, मला पगार दुसऱ्या पायाचा मिळतो.