गुळव्याची बोटं

मी साताऱ्यात नववीला विज्ञान शिकवते. चेतासंस्थेचा धडा आला की माझी गाडी सुसाट सुटते. कातडीवरची बातमी चेतातंतूंवरून मेरुरज्जूत, तिथून मेंदूत. मेंदूचा हुकूम दुसऱ्या तंतूंवरून स्नायूंना. चटका बसला तर मेरुरज्जू मेंदूला विचारत बसत नाही, हात परस्पर मागे खेचतो. फळ्यावर आकृती काढताना मला मात्र आबांचाच हात दिसतो.

आबा म्हणजे माझे वडील, सांगलीकडच्या आमच्या गावातले नावाजलेले गुळवे. काहिलीत उसाचा रस उकळून घट्ट झाला की ते बोटं गार पाण्यात बुडवायचे, झटक्यात उकळत्या पाकाची चिमूट उचलायचे आणि परत पाण्यात. तिथं तिची गोळी फिरवली की हुकूम सुटायचा, "उतरवा रं!" घड्याळ नाही, तापमापक नाही. गूळ कधी बिघडला नाही.

मधुमेहानं आधी त्यांच्या पावलांची जाणीव नेली. चप्पल पायातून निसटली हे दुसऱ्यानं सांगावं लागे. मग बोटांची गेली. जन्म गुळात काढलेल्या माणसाला साखरेनंच गाठावं, याचा मला आजही संताप येतो. गुऱ्हाळ सुटलं आणि ते घरात कुढू लागले. तेव्हा मी माझा शहाणपणा पाजळला.

"आबा, जाण मेंदूत असती. बोटं नुसती पोस्टमन. तुमी जाऊन तर बघा."

ते गेले, धुतलेलं धोतर नेसून. बोटं भिजवली, पाकात घातली आणि ती तिथंच राहिली.

"आवं आबा, हात काढा!" काहिलीवरचा गडी ओरडला. त्यांनी खाली पाहिलं तेव्हा कुठं त्यांना कळलं. बातमीच निघाली नाही तर मेंदू बिचारा काय करणार, हे माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरानंही सांगितलं असतं.

फोड बरे झाले. मला कधी बोल लावला नाही त्यांनी. आता मी दर रविवारी गावी जाते. त्या हाताला एकदा तरी माझा हात कळावा, एवढीच ओढ आहे. गेल्या रविवारी ओट्यावर शेजारी बसून मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट दाबला. ते समोर गुऱ्हाळाच्या धुराकडं बघत होते. मी पकड सोडली नाही.

"ऊन लय झालं गं," ते म्हणाले. "आत जाऊ. जरा हात धर की माझा."