अडीच जनावरं

अंबडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले, तेव्हा माझ्या पहिल्याच बॅचला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई येऊन बसल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या. मी उठून उभी राहिले, तर म्हणाल्या, "बस. इथं तू बाई."

त्याच सुमारास जनावरांच्या लसीकरण शिबिराची नोंदणी आमच्याकडे आली. मी जावास्क्रिप्टमध्ये एक साधं पान केलं. शेतकऱ्यानं सांगायचं, क्लासमधल्या मुलींनी टाइप करायचं, शेवटी किती लसी लागतील त्याची बेरीज दिसायची. पहिल्या दिवशी बेरीज एकशे साडेबारा असली काहीतरी निघाली. शोधलं तर लोक वासरू अर्धं धरत होते. दोन गाई आणि एक वासरू म्हणजे अडीच.

मी लगेच parseInt लावलं, म्हणजे अपूर्णांक कापून टाकणारी आज्ञा. त्यानं अडीचचे दोन केले, बेरीज पूर्णांकात आली आणि मी निश्चिंत झाले.

शिबिरात लसी कमी पडल्या; वासरालाही पूर्ण एक लागते, आणि ती बेरजेतून कापली गेली होती. अंतरवाली सराटीहून आलेले एक काका वासराचं दावं धरून उभे होते. "म्या सांगितल्तं की पोरीला," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा यायला सांगितलं. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्याकडून ते पान समजून घेतलं. रागावल्या नाहीत. "आकडा पूर्ण आहे का, हे तू विचारलंच न्हाईस. तू तो कापून पूर्ण केलास."

"मग विचारायचं कसं, बाई?"

"एकानं भाग. बाकी शून्य आली तर पूर्ण. तुझ्या भाषेत बाकी काढता येते ना?"

येत होती. टक्क्याचं चिन्ह वापरून बाकी निघते, हे मीच त्यांना आठवड्यापूर्वी शिकवलं होतं. अडीचला एकानं भागल्यावर बाकी अर्धी आली आणि पानानं नोंद अडवली. मला वाटलं, झालं. बाईंनी मात्र वहीत उभी यादी केली आणि एकेक गोष्ट टाकून बघायला लागल्या. अक्षरात 'तीन' लिहिलं, ते अडलं. उणे दोन आत गेलं. रकाना रिकामा ठेवला, तोही आत गेला.

"रिकाम्याला हे शून्य समजतंय," त्या म्हणाल्या. मी उण्यासाठी आणि रिकाम्यासाठी अट घातली. मग त्यांनी नुसता स्पेसबार दाबला. तेही आत गेलं. मी हसले, त्या हसल्या नाहीत. यादीत आणखी एक ओळ वाढवली. दुपारपर्यंत आम्ही दोघी त्याच एका रकान्यावर बसलो होतो. शाळेत त्या उत्तराचा ताळा केल्याशिवाय वही घेत नसत, तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. त्या दुपारी मात्र वाटलं, हे आपल्याला कधी जमेल?

शेवटी अडीच टाकल्यावर काय लिहून यावं, हेही त्यांनीच सांगितलं. मी 'चुकीची संख्या' लिहिलं होतं. "माणूस चुकला न्हाई, त्याची मोजायची रीत वेगळी," म्हणाल्या, आणि ओळ बदलून घेतली: 'वासरूही एक धरा.' दोन अर्धी मिळून पूर्ण होतात आणि ती अडणार नाहीत, म्हणून तीच ओळ रकान्याच्या वरही कायमची लिहायला लावली.

पुढच्या शिबिराला लसी बरोबर पुरल्या. काका वासरू घेऊन आले होते. बाई तोवर पुढच्या धड्यावर गेल्या होत्या, आणि त्यातल्या शंका रोज सकाळी माझ्या टेबलावर लिहून ठेवत होत्या.